ठिपक्यावर लक्ष

एका माणसाला मी भर मे महिन्यात कोरड्या धरणात बुडवलं आहे. आधीच सांगून टाकते, कारण माझी नात म्हणते की आजी गोष्ट सांगताना स्वतःची चूक शेवटपर्यंत पदराखाली ठेवते आणि मग घाईघाईत उरकते. तर घ्या, पहिल्याच ओळीत. माणूस मेला नाही. त्याची चप्पलसुद्धा भिजली नाही. पण त्या दिवशी दुपारी तीन ते पाच मी त्याला बुडालेला धरून चालले होते आणि माझ्या शब्दावर चाकणपासून मढपर्यंत माणसं पळत होती.

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे सत्तावन्न. हायस्कुलात मराठी शिकवत होते आणि आपल्याला वाचता येतं अशी माझी ठाम समजूत होती.

तो माणूस म्हणजे माझे घरमालक. पिंपळवंडीत खालच्या दोन खोल्या माझ्याकडे, वरचा मजला त्यांचा. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही भाऊ म्हणायचे. टेलिफोन खात्यात खांबांवर चढण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर इतर लोक देवळात बसतात, शेतात घर बांधतात. भाऊंनी सरकारी परीक्षा दिली, तारयंत्राचं कट्टकडकट्ट शिकले आणि हौशी रेडिओचं लायसन काढलं. ते फ्रेममध्ये घालून देवघराशेजारी लावलं होतं. पाहुण्यांना आधी देव दाखवायचे, मग लायसन. घाई असली तर नुसतं लायसन.

त्यांच्याकडे एक जुनी पांढरी व्हॅन होती. तिच्या टपावर तीन अँटेना. आळेफाट्यावर गाडी उभी राहिली की कुणी ना कुणी काचेवर टकटक करायचं, "पावणं, कुठलं च्यानल?" भाऊ काच खाली घेऊन शांतपणे सांगायचे, "बातमी एकच हाये. मी आळेफाट्यावर हाये."

आणि खरोखर तेवढीच बातमी ती व्हॅन दिवसभर जगाला सांगत असायची. आत एक रेडिओ होता, वॉकीटॉकीचा थोरला भाऊ म्हणावा तसा. त्याला एक डबी जोडलेली. डबी आकाशाकडून आपला ठावठिकाणा घ्यायची आणि रेडिओ दर दोन मिनिटांनी "खर्र" असा आवाज करून तो हवेत सोडून द्यायचा. सिमकार्ड नाही, मोबाइलची रेंज नाही. डोंगरावर, कुणाच्या घराच्या पत्र्यावर इतर हौशी लोकांनी असेच रेडिओ पेटाऱ्यांत घालून बसवलेले असायचे. ते ती खर्र ऐकायचे आणि जशीच्या तशी पुढच्या पेटाऱ्याला ओरडून सांगायचे. पुढचा त्याच्या पुढच्याला. शेवटचा पेटारा ती इंटरनेटवर टाकायचा, आणि तिथे नकाशावर ठिपक्याएवढी एक चिमुकली मोटार दिसायची. खाली नाव, वेग आणि एखादा शब्द. ही सारी खटपट नाशिकच्या, ठाण्याच्या कुणा हौशी माणसाला हे कळावं म्हणून, की भाऊ आत्ता नारायणगावच्या अलीकडे आहेत आणि ताशी एकेचाळीस किलोमीटरने येताहेत. पन्नासच्या वर ते कधी गेले नाहीत. जग बघतंय, म्हणायचे.

ही सवय गाडीतून उतरल्यावर सुटावी की नाही? नाही सुटली. सकाळी जिन्यात भेटले आणि मी "कसं काय भाऊ?" विचारलं तर उत्तर यायचं, "वर." संध्याकाळी विचारलं तर, "ओट्याव." कसं या प्रश्नाला कुठं हे उत्तर देणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मोरीत जाताना सांगून जायचे, परत आल्याचं सांगायचे. एका लग्नात मांडवात गर्दी झाली, तर त्यांनी चार माणसांच्या तोंडून आपल्या बायकोला, म्हणजे वहिनींना, बायकांच्या बाजूला निरोप पोचवला की मी डावीकडच्या तिसऱ्या खांबाशी आहे. वहिनींना काही हवं नव्हतं. त्यांनाही काही सांगायचं नव्हतं. ते तिथे होते, बस.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो भाऊ, तुम्ही कुठे आहात ते कुणी विचारलंय का?"

ते म्हणाले, "बाई, माणूस कसा हाये त्ये कुणालाच कळत न्हाई. कुठं हाये, येवढं तरी कळावं."

पुढे हळूहळू कळलं ते असं. भाऊंचे वडील मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, वैशाखात परत वर. सहा-सात महिने घरी पत्ता नसायचा. भाऊंची आई दर बाजाराला ओतूरला जायची ती मीठमिरचीसाठी कमी आणि विचारायला जास्त. कुणीतरी म्हणायचं, पंधरा दिवसांमागं मुरबाडकडं दिसला व्हता. ते ऐकून ती बाई पुढचे पंधरा दिवस काढायची. भाऊ सांगायचे, "आमचा बाप बी ह्याच पद्धतीनं घरी पोचायचा. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात. फकस्त पेटारं लई हळू व्हतं."

भाऊंचा धाकटा भाऊ अजून मेंढरं राखत होता. भाऊ मात्र गावात शिकले, नोकरीला लागले, आणि त्यांच्या मुलाला तर मेंढरू फक्त ताटात माहीत. दहावीला त्या मुलाला मराठी मीच शिकवलं. तो चाकणला एका कारखान्यात साहेब झाला.

आता किल्लीची भानगड सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझ्या पराक्रमाच्या आदल्या वर्षी भाऊंना गाडी चालवताना चक्कर आली आणि व्हॅन अलगद उसात शिरली. उसाला लागलं, भाऊंना नाही. पण मुलगा आला आणि म्हणाला, सत्तरी आली, आता गाडी विकू. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत. आग्रह केला तर जेवायचे नाहीत आणि कुठे न जेवता बसले आहेत ते सांगायचे. शेवटी बापलेकांत तह झाला. डॉक्टरला दाखवायचं, गोळ्या घ्यायच्या, दिवसाच गाडी काढायची, आणि गाडी बाहेर असेपर्यंत ठिपका नकाशावर दिसला पाहिजे. घरी कुणीतरी त्यावर नजर ठेवायची. ठिपक्यात काही गडबड झाली की किल्ली मुलाची, कायमची. भाऊंनी देवासमोर नाही, लायसनसमोर हात जोडून कबूल केलं.

नजर ठेवायचं काम वहिनींचं. मुलाने जुना कॉम्प्युटर आणून माजघरात लावून दिला. वहिनी त्याच्यासमोर पाट टाकून बसायच्या, मांडीवर सूप, सुपात शेंगा नाहीतर गहू. मध्येच मान वर करून बघायच्या. त्यांचा हिशेब सरळ होता. ह्यो हालतोय तवर त्ये चालल्यात. ह्यो थांबला की चहा. मी कधी शेजारी जाऊन बसले की त्यांना नकाशा समजावायची. शिक्षक असल्यावर राहवत नाही. ही हिरवी झाडी, ही पिवळी रेघ म्हणजे हायवे, हे निळं म्हणजे धरणाचं पाणी. वहिनींनी स्क्रीनकडे आणि मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आसंल."

ठिपक्याच्या खाली जो शब्द यायचा तो बदलत असे. रोमन अक्षरांत, सगळी कॅपिटल. एक व्ही-ए-टी-ए-व्ही. एक पी-ए-एन-वाय-ए-व्ही. एक व्ही-ए-डी-वाय-ए-व्ही. मला वाटायचं, रेडिओवाल्यांची काहीतरी परदेशी परिभाषा असणार. व्हॅटाव्ह. पॅन्याव्ह. मी ते रशियन आडनावांसारखे मनात वाचायची आणि सोडून द्यायची. विचारायला काय झालं होतं? पण सत्तावन्न वर्षांच्या बाईला एखादी गोष्ट येत नाही हे कबूल करायला जेवढी हिंमत लागते तेवढी मला पासष्टीनंतर आली.

तर तो दिवस. शाळेला सुट्टी. वहिनींच्या बहिणीला मंचरला बघायला जायचं होतं. भाऊ जेवून नुकतेच व्हॅन घेऊन मढकडे निघालेले. वहिनी एसटीला निघताना दारात थांबल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, जरा ठिपक्याव लक्ष ठिवा. मी दिवं लागायच्या आत येते." एखादी बाई गॅसवरच्या दुधाबद्दल सांगते तसं. माझ्या हातून दूधही नेहमी उतू जातं, हे त्यांना माहीत नव्हतं.

मी वर जाऊन बसले. पाटावर नाही, खुर्चीवर, चष्मा लावून. ठिपका ओतूरच्या पुढे गेला. रस्त्यावर सरळ चालला होता. मग एकाएकी तो डावीकडे वळला, रस्ता सोडला आणि निळ्यात शिरला.

मी पुढे वाकले. निळ्यात तो आणखी आत गेला. ताशी अकरा किलोमीटर, असं खाली लिहिलेलं. मग निळ्याच्या बरोबर मध्ये थांबला. चहूबाजूंनी पाणी. आणि त्याच क्षणी खालचा शब्द बदलला. पी-ए-एन-वाय-ए-व्ही. वर्षभर रशियन वाटलेला तो शब्द त्या क्षणी मला मराठी वाचता आला. पाण्याव.

भाऊ पाण्याव.

पुढच्या खर्रची वाट बघितली. दोन मिनिटं, चार, दहा. ठिपका जागचा हलेना, नवी खबर येईना. मोबाइल लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

आता इथे मला स्वतःला दोन प्रश्न विचारायचे आहेत. बुडणारा माणूस आधी टाइप करतो का? आणि दुसरा त्याहून लाजिरवाणा. आठच दिवसांपूर्वी भाचीच्या लग्नाला कल्याणला जाताना एसटीच्या खिडकीतून तेच धरण मी पाहिलं होतं. तळाला भेगा पडलेल्या, मधोमध ओहोळासारखी एक रेघ, आणि बाकी सगळं चराऊ रान. शेजारच्या बाईला मीच म्हटलं होतं, काय आटलंय हो पाणी. पण ते डोळ्यांनी पाहिलेलं. इथे कॉम्प्युटरवर निळं होतं.

मी आधी भाऊंच्या मुलाला चाकणला फोन केला. काय म्हणाले ते जसंच्या तसं आठवतं, कारण पुढे ते मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. मी म्हणाले, "लगेच नीघ. भाऊ गाडीसकट धरणात गेलेत, आणि तसं त्यांनी लिहून ठेवलंय."

लिहून ठेवलंय. मुलाने त्याचा काय अर्थ घेतला असेल, याचा विचार मी नंतर केला. नंतर पुष्कळ वेळ होता.

मग मढला फोन लावला. तिथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं पंक्चरचं दुकान होतं. त्याला म्हटलं, दोर घे, माणसं घे, धरणावर पळ, भाऊ बुडाले.

तो चाचरत म्हणाला, "बाई, धरणात गुडघाभर बी पाणी न्हाई. बुडायचं म्हनलं तर पावसाळ्यापातूर थांबावं लागंल."

"नकाशात निळं दिसतंय मला इथे," मी ओरडले.

"निळं आसंल," तो म्हणाला, "पर पाणी न्हाई ना, बाई."

मी त्याला नववीत उभं करायचे त्या आवाजात सांगितलं की उलट बोलू नकोस, आधी जा. बिचारा गेला. सहा माणसं, दोन दोर आणि ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब घेऊन ते लोक त्या कोरड्या भेगाळ जमिनीवरून पळत सुटले. ट्यूब डोक्यावर घेऊन.

मध्यभागी पाण्याची ती रेघ होती. तिच्या काठाला दोन-तीनशे मेंढरं पाणी पीत होती. कोकणातून घाट चढून आलेला भाऊंचा धाकटा भाऊ दगडांच्या चुलीवर चहा करत होता. भाऊ व्हॅनच्या सावलीत मांडी घालून बसले होते. गाडीचं इंजिन बंद, म्हणून रेडिओ बंद. भावाला भेटायला ते दर वैशाखात तिथे जात. वहिनींना ते ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मीही दुसऱ्या कुणाला बोलू न देता नकाशा समजावत असायची.

भाऊंनी ट्यूबकडे बघितलं आणि सगळ्यांना चहा विचारला.

मुलगा पाच वाजता पोचला. चाकणपासून तो कसा आला असेल ते त्याचं त्याला माहीत. बाप चहा पिताना दिसल्यावर, पंक्चरवाला सांगतो, तो आधी खाली बसला. मेंढरांच्या लेंड्यांत, ऑफिसच्या पँटीने. मग उठला आणि ओरडायला लागला. तह मोडला म्हणाला. रस्ता सोडून धरणात गाडी घातली, फोन लागत नाही, ठिपका बंद. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ठिपका बरुबर व्हता. बघणाऱ्याचं चुकलं." पण ज्याच्या जिवाचं दोन तास पाणी झालंय त्याला हे पटणार नव्हतं. त्याने हात पुढे केला. भाऊंनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. परतीला व्हॅन मुलाने चालवली. भाऊ शेजारी बसले आणि अंगणात पोचल्यावर त्यांनी रेडिओवर फक्त एक शब्द बदलला. व्ही-ए-डी-वाय-ए-व्ही.

वहिनी मंचरहून आल्या तेव्हा मी ओट्यावर रडत बसले होते. त्यांनी सगळं विचारून घेतलं. मला काही बोलल्या नाहीत. आत जाऊन भाकऱ्या थापायला लागल्या. भाकरी थापायचा आवाज एवढा मोठा असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचे तीन आठवडे व्हॅन अंगणात उभी. भाऊ सकाळी अंघोळ करून, शर्ट-पँट घालून तिच्यात जाऊन बसायचे. दाराला किल्ली लागत नव्हती, कुलूप केव्हाच मोडलेलं. घरातून वायर ओढून त्यांनी रेडिओला वीज दिली होती. दर दोन मिनिटांनी अंगणातून "खर्र" यायचं. नकाशावर ठिपका आमच्या घरावर. ताशी शून्य किलोमीटर. खाली तोच शब्द. मी जिन्यात उभी राहून विचारायची, कसं काय भाऊ? ते म्हणायचे, "हितंच." रागावून नाही. हीच तर पंचाईत होती. ठाण्याच्या कुणीतरी रेडिओवरून विचारलं, तब्येत बरी आहे ना, तीन आठवडे जागा बदलली नाही. भाऊंनी उत्तर दिलं, जागा चांगली हाये.

त्या दिवशी मी त्यांच्याजवळ गेले आणि विचारलं, ते तीन शब्द म्हणजे नक्की काय? बारा वर्षं त्यांच्या घरात राहत होते. पहिल्यांदा विचारलं.

"आमच्या बापाचं हायेत," ते म्हणाले. बाप परत येताना लांबूनच डोंगरावरून हाळी द्यायचा, कळप कुठे आहे ते. वाटंव म्हणजे चालू लागलोय. पाण्याव म्हणजे मेंढरं पाणी पितायत, जरा टेकलोय. वाड्याव म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला पोचलो, आता काळजी नाही. भाऊंनी तेच तीन रेडिओत भरून ठेवले होते. चहाला थांबले की पाण्याव. घरी आले की वाड्याव. तीस वर्षं मराठी शिकवून मला त्यातलं पाणी तेवढं कळलं होतं.

रविवारी मुलगा आला. मी एक कागद घेऊन वर गेले. त्याच्यावर ते तीन शब्द मोठ्या देवनागरीत लिहिले होते, फळ्यावर लिहायचे तसे. वहिनी पाटावर शेंगा सोलत होत्या. मी कागद त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, वाच.

त्याने दहावीत वाचायचा तसंच एकसुरी वाचलं. मग स्क्रीनवरच्या ठिपक्याखाली बघितलं. मग पुन्हा कागद वाचला, या वेळी हळू. मग विचारलं, "हे आज्जाचं ना? डोंगरावरून ओरडायचा ते?"

मी मान हलवली. तो म्हणाला, मी पण इंग्रजी समजत होतो. मी म्हटलं, मला वाटलं रशियन.

तो खिडकीपाशी गेला. खाली अंगणात उभ्या गाडीत भाऊ दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते. "खर्र" झालं. मुलाने परत येऊन खिशातून किल्ली काढली आणि आईच्या सुपात, शेंगांवर ठेवली.

"अट एकच," तो म्हणाला. "ठिपका आईनं बघायचा. बाईंनी नाही."

ही अट पुढे अक्षरशः पाळली गेली. दुसऱ्या वर्षी वैशाखात नकाशावर त्या निळ्यात मोटारीच्या जागी होडी दिसली. रेडिओत चित्र बदलता येतं. भाऊंनी ते माझ्यासाठी बदललं होतं, बाईंना घोर नको म्हणून. आता दोघं चाकणला मुलाकडे असतात. गाडी सुटली, पण पिशवीत छोटा रेडिओ घेऊन भाऊ सोसायटीला फेऱ्या मारतात. नात मला मोबाइलवर दाखवते. चालणाऱ्या माणसाचं चित्र, ताशी तीन किलोमीटर. बाकावर टेकले की पाण्याव.

पण त्या रविवारी मला ती अट लागली. सगळ्यांसमोर, माझ्याच विद्यार्थ्याकडून. मी जरा ताठ होऊन म्हटलं, काही झालं तरी मी अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं होतं.

वहिनींना अक्षरओळख नव्हती. शाळेचं तोंड त्यांनी बघितलं नव्हतं. सुपातली किल्ली उचलून त्यांनी ती कमरेला खोचली, एक शेंग फोडली, आणि धरणाच्या दिवसापासून त्या विषयावर माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या.

"बाई, मी तुमाला ठिपक्याव लक्ष ठिवाया सांगितलं व्हतं. वाचाया कुणी सांगितलं व्हतं?"